रूथचे उरलेले अध्याय

रूथचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. मी ते पहिल्याच अध्यायात संपवायचं ठरवलं. चुकून नाही, चांगला विचार करून. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते, गुडघे शाबूत होते आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या पर्समध्ये होती. आता सत्तरी दिसायला लागलीय, पर्समध्ये बाम असतो, आणि त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीची आठवण झाली की तिला अंगठे धरून उभं करावंसं वाटतं.

अमरावतीतल्या आमच्या चर्चमध्ये उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, बायकांचा बायबल अभ्यास असतो. दर गुरुवारी दुपारी, चर्चमागच्या हॉलमध्ये. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येत नाहीत, कारण ते आले की बायका बोलत नाहीत आणि ते एकटेच बोलतात. अभ्यासाची आमची रीत जुनी आहे. गोल करून खुर्च्या मांडायच्या, गायन म्हणायचं, प्रार्थना करायची, आणि मग एकेकीने एकेक वचन वाचायचं. या फिरत्या वाचनाची गंमत अशी की कोणी दुसरीचं ऐकत नाही. आपला नंबर कितवा हे प्रत्येकजणी बोटांवर मोजते, आपलं वचन हुडकते, आणि तोंडातल्या तोंडात घोकत बसते. वाचून झालं की सुटकेचा श्वास सोडून चहाच्या थर्मासकडे बघते. वर प्रत्येकीचं बायबल निराळं. एकीचं जुन्या भाषांतराचं, एकीचं नव्या, एकीचं हिंदी, तर एकीचं मोबाईलमध्ये, जे नेमकं तिच्या नंबराला बंद पडायचं. चष्मा विसरणं तर उपवासकाळातलं व्रतच.

निवृत्त झाल्यावर तो अभ्यास माझ्याकडे आला. म्हणजे मी तो घेतला.

आमच्या मंडळीत एक सासू आणि सून होत्या. सासूला सगळं चर्च काकू म्हणे, माझ्यापेक्षा ती जेमतेम पाच वर्षांनी मोठी असली तरी. मूळची वलगावची, बोलायला सरळसोट, हसायला लागली तर हॉलचे पंखे हलावेत अशी. तिचा एकुलता एक मुलगा आजारपणात गेला होता. सून नर्स, तिशीतली, मूलबाळ नाही. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या मागे दोन खोल्यांत दोघी राहायच्या. सून ड्यूटीवरून आली की काकू दारात उभी असायची, आणि सुनेला उशीर झाला तर काकू थेट चौकात उभी असायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत पाळकीणबाईंनी मला एक गोष्ट "प्रार्थनेत ठेवा" म्हणून सांगितली. आमच्यात गुपित फोडायची हीच रीत आहे. नुसतं सांगितलं तर चहाडी होते, प्रार्थनेत ठेवलं की सेवा. गोष्ट अशी, की अकोल्याच्या एका विधुराने सुनेला मागणी घातली होती. लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचा, तिथल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा, स्वभावाने गरीब. सुनेला तो आवडला होता. पण तिने सासूला सांगितलं नव्हतं, आणि ईस्टरपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"काकूचं काय होईल मग?" मी विचारलं.

"म्हणूनच तर प्रार्थनेत ठेवा म्हणते," पाळकीणबाई म्हणाल्या.

मी प्रार्थनेत ठेवली नाही. मी हातात घेतली. काकू एकटी पडेल, या विचाराने मला झोप लागेना. (माझा मुलगा त्याच जानेवारीत बायको आणि नातीसह पुण्याला राहायला गेला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला तेव्हा कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.) दोघींपैकी एकीलाही न विचारता दोघींचं भलं करायचं मी नक्की केलं, आणि त्या उपवासकाळाला पुस्तक निवडलं: रूथ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नामी नावाची एक बाई दुष्काळापायी परक्या देशात जाते. तिथे तिचा नवरा मरतो, दोन्ही मुलं मरतात, उरतात दोन विधवा सुना. नामी आपल्या गावी परत निघते आणि सुनांना म्हणते, पोरींनो, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक जाते. दुसरी, रूथ, जात नाही. ती सासूला सांगते की तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. इथे पहिला अध्याय संपत आलेला असतो. माझ्या गरजेला तेवढा पुरे होता.

राजापेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे मी पहिला अध्याय मोठ्या अक्षरात काढायला दिला. त्यानं बायबल चाळून विचारलं, "बाई, पुढचीही चार पानं आहेत, काढू का? थोडीच तर आहेत."

"नको," मी म्हटलं. "एवढंच लागतं."

कागद वाटायचे म्हणजे भाषांतरांचा घोळ नको, चष्म्याची सबब नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. घरी सगळ्यांकडे बायबलं होती, पण शाळेत शिकलेल्या बायका आम्ही. बाईंनी कागद दिला की तेवढाच पोर्शन.

आता माझी करामत ऐका. सोळावं वचन, म्हणजे रूथची ती शपथ, सुनेच्याच तोंडून आली पाहिजे होती. सासूसमोर, सगळ्या मंडळीसमोर. मी अगोदरच्या रात्री कागदावर गोल काढून खुर्च्यांचा हिशेब केला. "पाळकीणबाई, तुम्ही इकडे पंख्याखाली बसा," "काकू, तुम्ही सुनेच्या अलीकडे," असं करत करत प्रत्येकीला मी तिच्या जागी नेऊन बसवलं. आयुष्यभर परीक्षेची बैठकव्यवस्था लावलेली बाई मी. वाचन सुरू झालं. दहा झालं, अकरा झालं. आणि दार उघडून टपालातून निवृत्त झालेल्या ताई घाम पुसत आत आल्या, "सलाम, सलाम, ऑटोच भेटला नाही," म्हणाल्या, आणि सरळ माझ्या गोलात खुर्ची घुसवून बाराव्या वचनावर हजर झाल्या.

सगळं एकाने सरकलं. सोळावं वचन सासूला आलं.

काकूनं नाकावर चष्मा चढवला आणि खड्या आवाजात वाचायला लागली. तू जाशील तिथं मी येईन, सासू सुनेला म्हणत होती. पाळकीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

"थांबा, काकू," मी म्हटलं. "हे तुमचं नाही. हे सुनेचं आहे. सुनेला वाचू द्या."

"काहून?" काकू म्हणाली. "माहा नंबर आला ना."

"तुमचाच नंबर आहे, पण अर्थ सुनेचा आहे."

काकूनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी तेव्हा वाचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी मला फक्त छापील अक्षर वाचता येत होतं. सुनेनं कागद घेतला आणि शपथ वाचली. रात्रपाळीचा रिपोर्ट वाचावा तशी, सपाट आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि मुठीत धरून ठेवली. मी यावर पंधरा मिनिटं बोलले. निष्ठा या विषयावर माझं छान तयार होतं.

शुक्रवारी पाळकीणबाईंचा फोन. "पोरगी आली होती. म्हणाली, अकोल्याला नाही म्हणून कळवून टाका."

"देवाच्या वचनाने काम केलं," मी म्हटलं.

पाळकीणबाई म्हणाल्या, "कुणाच्या कामानं केलं ते बघू."

मी त्या आनंदात शिरा केला, आणि एकटी असल्यामुळे एकटीनेच खाल्ला.

पुढच्या गुरुवारी मी एस्तेरचं पुस्तक काढणार होते. काकू दारातच म्हणाली, "बाई, त्या रूथचं पुढं?"

"पुढे काय, काकू? मुख्य भाग झाला."

"मुख्य झाला, पन त्या पेरनीले आल्या का सोंगनीले? शेवटी लिवलं होतं ना, जवाच्या हंगामात गावी पोचल्या म्हनून. मंग खाल्लं काय त्याईनं?"

बाकीच्याही म्हणाल्या, हो हो, खाल्लं काय? तेव्हा मला दुसरा अध्याय देणं भाग पडलं. तो मी मनाशी तपासला होता, निरुपद्रवी होता. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते, म्हणजे पीक काढून नेल्यावर खाली सांडलेलं, राहिलेलं धान्य गोळा करते, आणि सासूचं पोट भरते. कष्ट, नम्रता, सासूसेवा. शेताचा मालक बवाज भला माणूस असतो. तो गड्यांना सांगतो की हिच्यासाठी मुद्दाम मुठी-मुठीने टाकत चला. इथवर ठीक. तिसऱ्याच्या वाटेला मात्र मी कोणाला जाऊ देणार नव्हते. तिसऱ्यात रूथ न्हाऊन, अत्तर लावून, चांगलं लुगडं नेसून खळ्यावर जाते. "तिसरा अध्याय पाळकांनी घ्यावा असा आहे," असं मी गंभीरपणे जाहीर केलं, आणि तरुण बायकांनी तो त्याच संध्याकाळी घरी वाचला असणार याची मला आज खात्री आहे.

सरवा म्हटल्यावर काकू एकदम फुलली. "लहानपनी आमी लय येचला. मा माय बोरीचे काटे काढत जाये पायातले. आता कोनाले ठाव नाई."

आणि मला कल्पना सुचली. कल्पना सुचणं हा त्या वयातला माझा आजारच होता. अभ्यास वर्गात का? वावरात का नाही? टपालातल्या ताईंच्या भावाचं वलगावला शेत होतं, हरभरा निघाला होता. फोन झाला, त्याने आनंदाने परवानगी दिली. "फाट्यावरून आत या, कडुनिंब ओलांडला की डाव्या हाताचं वावर," असं म्हणाला.

तर पुढच्या गुरुवारी सकाळी परतवाड्याच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये आम्ही सातजणी बसलो, म्हणजे एकमेकींवर बसलो. ड्रायव्हरने विचारलं, "कोन्या लग्नाले?" मी म्हटलं, "अभ्यासाला." त्यानं मागे वळून आमची वयं पाहिली आणि गाणं लावलं. सुनेची सुट्टी होती, तीही आली होती. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. मला तो शांत वाटला.

फाट्यावर उतरून मी पुढे झाले. कडुनिंब आला. डाव्या हाताला वावर होतं, हरभरा उपटून झाला होता, आणि काय सांगू, वावरभर जागोजाग हरभऱ्याचे छोटे छोटे ढीग ठेवलेले!

"भावाला फोन करू का?" टपालातल्या ताई म्हणाल्या. "मला वाटते आणखी पुढे आहे."

"कशाला?" मी म्हटलं. "कडुनिंब आहे, डावा हात आहे."

काकू ढिगाकडे पाहत उभी होती. "बाई, सरव्यात ढीग नसतात."

"काकू, अध्याय दुसरा विसरलात? बवाजनं मुद्दाम टाकायला सांगितलं होतं. ताईंचा भाऊ मोठ्या मनाचा माणूस आहे."

ताईंचा ऊर भरून आला. भाऊ इतका शास्त्र जाणणारा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आम्ही पदर खोचले, गायन म्हटलं, आणि कापडी थैल्यांत ढिगामागून ढीग भरायला लागलो. काकूनं एकही उचलला नाही. ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून खाली पडलेले घाटे तेवढे वेचत राहिली. मी मधूनमधून शेतात उभी राहून वचनं वाचत होते. अशी एकरूप झाले होते की समोरून बाई येतेय हे मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

डोक्यावर पदर, पायात मुलाचे बूट, हातात विळा. ती आमच्यापासून दहा पावलांवर थांबली.

"ओ बाई! काय करून राहिल्या?"

मी ताठ झाले आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हटलं, "बायबलचा अभ्यास."

तिनं आमच्या थैल्या बघितल्या. "अभ्यास करा ना. पन माहा हरभरा काहून भरून राहिल्या?"

"हा सरवा आहे."

"सरवा? ढिगाचा?"

"मालकानं मुद्दाम ठेवलाय आमच्यासाठी."

"मालकीन मीच हाय. मी कवा ठेवला? मजूर चहा प्याले गेले तं मी घरून डबा आनाले गेली, एवढ्यात सात बाया वावर लुटून राहिल्या अन् वरून गानं म्हनून राहिल्या!"

धुऱ्यावर काकू हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती आडवीच झाली. तिला पाहून पाळकीणबाई, मग ताई, मग सगळ्या. हसली नाही ती मी, आणि शेतवाली. आम्ही दोघी अधिकारी माणसं. ताईंच्या भावाचं वावर पुढच्या कडुनिंबापाशी होतं, हे मग कळलं. थैल्या उपड्या केल्या. माझी सर्वांत जड निघाली.

ढीग परत लागले तशी शेतवालीची कपाळाची शीर उतरली. तिनं कॅनमधलं पाणी दिलं आणि धुऱ्यावर काकूजवळ टेकली. "पन आजकाल सरवा कोन येचते? हे भूत कुठून आलं तुमच्या डोक्यात?"

"एका सासू-सुनेची गोष्ट आहे," मी पटकन म्हटलं. गोष्ट माझ्याच हातात राहायला हवी होती. नामीचा दुष्काळ, मुलांचं मरण, रूथची शपथ, सरवा, सगळं मी नीट सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि अशी ती सासूजवळच राहिली."

शेतवाली वाट पाहत होती. "अन् मंग?"

"मग काय. संपली."

"असं कसं संपली? जवान पोरगी, जलमभर लोकायच्या वावरात येचतच राहिली? हे काई गोष्ट झाली?"

"नाई वं माय," काकू म्हणाली. डोळे पुसत ती उठून बसली. "बाई तुले अर्धीच सांगून राहिल्या. आमालेही अर्धीच देल्ली. मीन घरी पुरी वाचली. मास्तरीन जे पान लपोते ना, ते आधी वाचा लागते."

मी म्हटलं, "काकू, तिसरा अध्याय..."

"बसा बाई खाली. तुमचा नंबर झाला."

मी बसले. हरभऱ्याचं धसकट टोचलं, तरी बसले.

"आयक," काकू शेतवालीला सांगायला लागली. "ते सासू काई येडी नव्हती. तिनं पायलं, वावरवाला भला मानूस हाय, सुनेले नीट बोलते, पदरात जास्तीचं टाकते. तिनंच सुनेले म्हटलं, पोरी, तुह्यासाठी मी घर नाई पाहू तं कोन पाहीन? आंग धू, तेल-अत्तर लाव, चांगलं नेस, अन् जा खळ्यावर. सासूनं! सोता!"

"बाप्पा!" शेतवाली म्हणाली.

"त्यानंही काई लपूनछपून नाई केलं. चार मानसं बसवले गावच्या वेशीत, पंचाईत केली, अन् रीतीनं लगन लागलं."

"बरं झालं." शेतवालीनं मान हलवली. मग थांबली. "पन सासूचं? ते बिचारी एकटी पडली असन."

मी मान वर केली. हाच तर माझा प्रश्न होता. त्याच्यासाठीच मी झेरॉक्स काढली होती, खुर्च्या मांडल्या होत्या, शिरा केला होता.

"कायची एकटी!" काकू म्हणाली. "त्याईले पोरगा झाला. तं गावातल्या बाया काय म्हने मायीत हाय? रूथले झाला नाई म्हनत. म्हने, नामीले पोरगा झाला! अन् तिनंच मांडीवर घेतला, तिनंच वाढोला. शेवटच्या पानावर हाय. बाईच्या झेरॉक्सीत नाई आलं ते."

सून आमच्यापासून जरा दूर उभी होती. तिच्या हातात रिकामी थैली होती. तिची ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. काकूनं तिच्याकडे न पाहता विचारलं, "अकोल्याचा तो पेटीवाला, तो कवाचा वाट पाहून राहिला?"

सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. शेतवालीचेसुद्धा, जिचा याच्याशी काही संबंध नव्हता.

"आई," सून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूनंच. मले मोबाईलवर गॅस बुक करनं शिकोलं. बीपीच्या गोया कोनत्या डब्बीत ते लिवून चिटकोलं. लाईटबिल कुठी भराचं ते दाखोलं. अकोल्याचा फोन आला का बाहीर जाऊन बोले, अन् मांगून पेटी आयकू ये. घरातच राहनारी पोट्टी सासूले हे कायले शिकवन? मी दिवायीपासून वाट पाहून राहिली, का आता सांगन, मंग सांगन. तं या बाईनं तुह्यापासून शपथच वाचून घेतली!"

"मी त्यांना 'नाही' म्हणून कळवलंय." सुनेचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही एकट्या कशा..."

"मी वलगावची हाय," काकू म्हणाली. "मले अख्खं गाव ओयखते. अन् अकोला काई अमेरिका नाई." मग आवाज खाली आणून, जो आवाज मी तिच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता, "मा पोरगा गेला पोरी. त्याच्यामागं तूही बसून राहिली, तं मले दोघं गेल्यासारखं वाटते."

सुनेनं थैली तोंडाशी धरली. काकू उठली नाही, हात तेवढा पुढे केला, आणि सून येऊन तिच्या शेजारी धुऱ्यावर बसली. शेतवाली सरकली आणि तिनं जागा दिली.

"कळवलं कुठे अजून," पाळकीणबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "माझ्या फोनला रेंजच नव्हती."

समोर वलगावचा टॉवर दिसत होता. त्याकडे कोणी बोट दाखवलं नाही.

निघताना शेतवालीनं आम्हाला हाक मारली. "आता येचा ना सरवा. खाली पडलेलं हाय ते तुमचंच. ढिगाले हात लावू नका फक्त." आम्ही वाकून वाकून घाटे वेचले. तासाभरात माझ्या थैलीत मूठभर जमले, आणि पाठ अशी धरली की जीपमध्ये मला ताईंनी ढकलून चढवलं. काकूची थैली अर्धी भरली होती. त्या सगळ्या वाटेत मी एक शब्द बोलले नाही. मंडळीत हे आजही सांगतात.

राहिलेले दोन अध्याय आम्ही त्यापुढच्या गुरुवारी वाचले. जिचं तिचं बायबल, जिची तिची खुर्ची. वाचताना कोणीतरी मधेच थांबून "हे तर काकूनं सांगितलं तसंच आहे" म्हणायचं, आणि काकू नव्याने ऐकावं तसं ऐकायची.

लग्न ईस्टरनंतर, मे महिन्यात, अकोल्याला झालं. अकोल्याचा मे कसा असतो ते अकोल्याला जाऊन आलेल्यांना सांगायला नको, आणि न गेलेल्यांना सांगून पटत नाही. हॉलमध्ये दोन कूलर होते, त्यांच्यासमोर वऱ्हाडाची दोन टोळकी झाली होती. पेटीवाला इतका लाजरा, की स्वतःच्याच लग्नात दुसरा कोणी पेटी वाजवतोय हे त्याला बघवेना. गायनाला त्याची बोटं मांडीवर चालत होती. सून हसली. मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मुलीकडची वडील माणसं म्हणून काकू एकटी पुढे उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं की ही मुलगी कोण देतं, तेव्हा "मी देतो" असं तिनं आपल्या वऱ्हाडी बोलीत इतक्या जोरात म्हटलं की कूलरजवळचे लोकही वळले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी खरोखर दोनच बोलले, "सुखी राहा."

परत येताना एसटीत मी मुद्दाम काकूशेजारी बसले. पर्समध्ये रुमाल तयार होता, वचन तयार होतं, सांत्वनाची सगळी सामग्री होती. काकू खिडकीशी. मांडीवर सुनेनं दिलेला फराळाचा डबा, त्यावर दोन्ही हात. बोरगाव गेलं. मी पाहिलं तर तिचं तोंड खिडकीबाहेर होतं आणि गालावरून पाणी ओघळत होतं, गरम वारा ते वाळवत होता, की पुन्हा येत होतं. मी वचन काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. अशा वेळी म्हणायचं ते मला शिकवताच आलं नसतं, कारण मलाच येत नव्हतं. मी नुसती बसले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, तो मी लागू दिला.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. खारे दाणे घेतले. तिनं तोंड पुसलं, पुडी उघडली, मला दिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, आणि घाबरलेल्या मास्तरणीला जे सुचतं तेच मला सुचलं.

"काकू, पुढच्या उपवासकाळात एस्तेरचं पुस्तक घ्यावं म्हणते."

काकूनं दाण्याचं साल फुंकलं, माझ्याकडे नीट वळून बघितलं, आणि म्हणाली:

"घ्या ना बाई. पन झेरॉक्स काढाले या वक्ती मी जाईन."